पाच जिआओच्या नोटा

त्या प्रकरणातली एकही नोट खोटी नव्हती, म्हणून ते अजून लक्षात आहे.

कोल्हापुरात एका पोलीस ठाण्यात माझी नेमणूक होती. एका सकाळी ठाणे अंमलदारानं मलकापूरच्या एका मुस्लिम बाप-लेकीला माझ्याकडे पाठवलं. वडिलांचं शिवणकामाचं दुकान. मुलगी डॉक्टरकी शिकायला चीनला निघालेली. फी भरून झाली होती, तिकीटही हातात होतं. वरखर्चाला त्यांनी एका एजंटाकडून चिनी पैसे घेतले. तिकडं मोठी नोट कुणी मोडून देत नाही, अशी थाप मारून त्यानं पाचाच्या नोटांची गड्डी दिली. मुलीनं तिथं शिकणाऱ्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर एक नोट दाखवली, तेव्हा तिनं कपाळाला हात लावला.

“साहेब, नोट खरी हाय, पण पाच युआनची न्हाय. पाच जिआओची हाय,” मुलगी म्हणाली.

आपल्या रुपयात जसे पैसे, तसे त्यांच्या युआनमध्ये जिआओ. फक्त शंभराऐवजी दहा. पाच युआनच्या नोटेवर त्यांच्या नेत्याचा चेहरा, पाच जिआओच्या नोटेवर दोन बायका. रंग दोन्हींचा जांभळट, आकडाही पाचच. थोडक्यात, रुपया सांगून दहा पैसे हातावर टेकवले होते.

“आता न्हाय पाठवत हिला,” वडील म्हणाले. “हितंच ही गत, तर परमुलखात काय?”

मुलीचे डोळे भरून आले. मला एजंटापेक्षा त्या वाक्याचा जास्त राग आला.

दुपारी आमच्या खबऱ्यानं एजंटाचा ठावठिकाणा कळवला. एसटी स्टँडजवळच्या चहाच्या गाडीवर तो सापडला. चलन बदलण्याचा परवाना नव्हताच. पिशवीत दोन्ही जातींच्या नोटा मिळाल्या, पंचनामा झाला आणि त्याला ठाण्यात आणलं. पण त्यानं जाणूनबुजून फसवलं, हे दाखवायचं कसं?

“पोरगी म्हणते, नोटा चुकीच्या आहेत,” मी एवढंच बोललो.

“मला चिनी वाचता येतंय व्हय साहेब? माझ्या लेखी सगळ्या एकच की!”

तासभर तो तेच घोकत राहिला. मी चहा मागवला. पंचांसमोर टेबलावर सगळ्या नोटा मिसळून पसरल्या आणि कंटाळल्यासारखं म्हणालो, “पावणं, एवढं करा. ह्यातनं बरोबर त्या नोटा बाजूला काढा.”

सुटकेच्या घाईत त्यानं झपाझप नेत्याच्या चेहऱ्याच्या नोटा तेवढ्या वेचल्या. दोन बायकांच्या नोटेला बोटही लावलं नाही. फरक काय, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. माझ्याकडे बघितल्यावर त्याच्या ते ध्यानात आलं आणि मग त्यानं मुकाट्यानं सगळं सांगितलं.

जप्त रक्कम कोर्टाकडून मिळायला वेळ लागणार होता. मी वडिलांना स्पष्ट विचारलं, “गुन्हा त्याचा आणि शिक्षा पोरीला देताय व्हय?”

त्यांनी मुलीकडं बघितलं. मग म्हणाले, “थंडी लई असती म्हणं तिकडं. रजई न्हेता येती का इमानातनं?”

मुलगी रडता रडता हसली.

फसलेल्या माणसाचा पैशाबरोबर धीरही जातो आणि त्याची भरपाई पुष्कळदा घरातलं भलतंच कुणी करतं, हे मला तिथं कळलं. पुढं निवृत्त होईपर्यंत फसवणुकीची फिर्याद लिहून झाली, की पेन खाली ठेवून मी विचारत असे, “ह्यापायी घरात कुणाचं काय थांबवलंय का?”