सतरा नंबरचं झाड

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं झाडं मोजली त्या सोबत्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. आतून स्वस्थ बसू देत नाही, एवढंच.

माझं काम झाडांच्या वजनाचं. राहुरीच्या आसपास, बांधावरच्या झाडांत किती कार्बन साठलाय त्याचा अंदाज काढायचा. उभ्या झाडाचा छातीच्या उंचीवर घेर घ्यायचा, उंची घ्यायची आणि गणित मांडायचं. पण ते गणित बसवायला आधी काही झाडं तोडावीच लागतात. खोड, फांद्या, पाला वेगवेगळा तोलायचा, मुळं खणून काढायची. आणि कोणतं झाड तोडायचं, ते आपण ठरवायचं नाही. सारख्या घेराच्या झाडांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. निघेल ते.

चिठ्ठी मी शेताच्या मालकालाच उचलायला लावायचो. नंतर मनात काही राहू नये म्हणून. किती शहाणपणाचं वाटायचं मला ते!

त्या दिवशीचं शेत हौसामावशीचं. साठीची, एकटी बाई. तिच्या हाताला गुण आहे असं गाव म्हणायचं. पेरणीची पहिली मूठ तिच्याकडून टाकून घ्यायचे. तिच्या बांधावर सारख्या घेराची कडुलिंबाची सात झाडं होती. शेतातल्या सगळ्याच झाडांच्या खोडांवर आम्ही रंगाने नंबर टाकले होते. नऊ नंबरचं तिच्या दारात, रस्त्याला लागून. सतरा नंबरचं पार ओढ्यापलीकडे. आमचा टेम्पोवाला सकाळपासून कुरकुरत होता — "सायेब, ओढ्यात गाडी रुतली तर तिचंबी वजन करा, चिखलासकट!"

मावशीने चिठ्ठी उचलण्याआधी उजवा हात कपाळाला लावला. "दारातलं तेवढं नगं काढू रं बाबा," असं ती त्या हातालाच म्हणाली. मग एक चिठ्ठी उचलली आणि न उघडता माझ्याकडे दिली. तिला आकडे वाचता येत नव्हते.

मी उघडली. आत सतरा होतं. त्या क्षणी काय होतं माझ्या मनात? ऊन? थकवा? ओढ्यातून खांद्यावर वाहावे लागणारे ओंडके? — असेल. पण ते ऐकलं होतं मी, तिचं हाताशी बोललेलं. ऐकूनही —

"नऊ," मी म्हणालो.

तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "माज्याच हातानं निगालं. तुमचा काय दोस, भाऊ?" आणि आमच्यासाठी चहा टाकायला आत गेली. तो चहा मी प्यायलो.

संध्याकाळपर्यंत झाड आडवं झालं. वजन मी बिनचूक केलं, पाल्यापर्यंत. अहवालात लिहिलं — झाडांची निवड चिठ्ठ्या टाकून केली. ते वाक्य माझ्या अक्षरात आहे.

पुढच्या पावसाळ्यात तिला बदली रोपं द्यायला गेलो, तेव्हा शेजारचे बियाण्याची पाटी घेऊन दारात उभे होते. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. "ह्या हाताला गुण न्हाई राहिला. दुसरं कुनी बगा." मी चार पावलांवर होतो. एक शब्द पुरे होता. तेव्हा का नाही बोललो? आणि त्यानंतरच्या वर्षी? त्याच्याही पुढच्या?

आता तिला मूठ टाकायला कुणी बोलवत नाही.

मागच्या महिन्यात फेरमोजणीला गेलो होतो. सतरा नंबरचं झाड जोमात आहे. रंग उडालाय, पण आकडा वाचता येतो. मावशी काठी टेकत ओढ्यापलीकडे माझ्यामागे आली. मी सवयीने टेपचं टोक तिच्यापुढे केलं. तिने हात पुढे केला — आणि मागे घेतला.

"नगं. माजा हात नगं. तुमीच धरा."

मी धरलं. घेर लिहून घेतला. आणि घरी आलो.