बसलेली बाई आणि उभी बाई

आई पुण्याला परत जायला आठवडा उरला होता आणि मला तिला एक विचारायचं राहिलं होतं: ऑक्टोबरमध्ये पुन्हा येशील का? माझ्या मुलीला शाळेतून आणायला दुसरं कुणी नव्हतं. नवरा आणि मी वॉटफर्डहून लंडनला नोकरीला जातो. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही. म्हणून रविवारी आईला केंब्रिजच्या म्युझियममध्ये नेलं. लाचच म्हणा ना.

पुण्यात आईकडे धुणीभांड्याला बाई आहे, पोळ्यांना वेगळी. इथे आल्यापासून मात्र तीच ओट्याशी. डिशवॉशर तिला पटत नाही. खरकटी भांडी मशीनमध्ये घालायची म्हणजे काय? म्हणून ती आधी सगळी हाताने घासते आणि मग मशीनमध्ये लावते. मी एकदोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. खरं सांगायचं तर आयतं सगळं मिळत होतं, ते बरंच वाटत होतं.

जुन्या डच चित्रांच्या दालनात राजेरजवाडे नव्हते, नुसती घरं होती. एका चित्रात पिवळा साटिनचा झगा घातलेली मालकीण खुर्चीत बसून पत्र वाचत होती. मागे मोलकरीण उभ्याने मासे साफ करत होती.

"एकाच घरातल्या दोघी, पण कोण कोण ते बघितल्याबरोबर कळतं," मी आईला म्हणाले.

माझ्या सात वर्षांच्या मुलीने मोलकरणीकडे बोट दाखवलं. "हा आजी आहे. अँड दॅट्स मम्मा, डूइंग हर ईमेल्स."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र हसली. तिच्या अंगात माझ्या नवऱ्याचं जुनं कार्डिगन होतं, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. त्या तिने हळूच खाली ओढल्या.

पुढे कॅफेत बसल्यावर तिनेच विषय काढला. "ऑक्टोबरचं विचारायचंय ना तुला? अगं, कळतं मला. तुझी ओढाताण दिसते की रोज. येईन मी. पण या खेपेला पाहुणी म्हणून बोलाव."

"हो आई," मी म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. आणि तिच्या स्कोनला लोणी लावता लावता डोक्यात पहिला विचार आला, मग पोरीला शाळेतून आणणार कोण?