पाणथळीचे काका

कतारमध्ये चिखलावर मनापासून प्रेम करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो बरोब्बर आमच्या डोक्यावर राहत होता. दोह्यात, अल हिलालमधल्या आमच्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. इथे आलेला माणूस आधी उन्हाला कंटाळतो, मग वाळूला, मग मॉलला. या गृहस्थांनी मात्र तीस वर्षांत वाळवंटाबद्दल बरावाईट एक शब्द काढला नव्हता, कारण त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या लेखी कतार म्हणजे उम्म सलाल मोहम्मद गावाच्या पुढे, शेतांच्या मागच्या बाजूला असलेलं एक तळं, त्याच्याभोवती माजलेलं बोरूचं रान आणि त्या रानात राहणारे पक्षी. बाकीचा देश त्या तळ्याकडे जाताना वाटेत लागतो, एवढंच.

काका मूळचे वसईचे, एका हॉस्पिटलात जुने केसपेपर सांभाळायच्या खात्यात होते. कॅथलिक असल्यामुळे इमारतीतली मुलं त्यांना अंकल म्हणत. आम्ही नाशिकची माणसं पहिल्याच दिवशी काका म्हणून मोकळे झालो. काकू आणि मुलगी सुजाता वसईला. काका इथे एकटे, म्हणजे आमच्या दृष्टीने एकटे. त्यांना विचारलं तर ते शांतपणे सांगत, "एकटा कसा? सध्या थापट्या बदकं आलीत, दीडएकशे तरी असतील."

तळं पाहायला आम्हाला त्यांनी पहिल्यांदा नेलं तेव्हा मेधाने, माझ्या बायकोने, नाकाला रुमाल लावला होता. शहराचं सांडपाणी शुद्ध करून तिथे सोडत. माझ्या मुलीने सरळ विचारलं, "अंकल, इज इट टॉयलेट वॉटर?" काकांचा चेहरा उजळला. आजवर कोणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. ते म्हणाले, "होय बाळा. तुझं, माझं, सगळ्यांचं. आपण पाठवतो आणि हे लोक त्याचं सोनं करतात." हे लोक म्हणजे पक्षी. त्या दिवसापासून मुलगी घरात फ्लश ओढला की "गोइंग टू अंकल्स बर्ड्स" असं ओरडायची, आणि काकांना ते कळल्यावर त्यांनी तिच्यासाठी चॉकलेटचा डबा आणला.

पण खोटं कशाला सांगू, जागा सुंदर होती. रस्ता संपून बांध चढला की एकदम डोळ्यांना गारवा. दोन पुरुष उंचीचा बोरू, वाऱ्याने एकाच दिशेला झुकणारा, त्याचे तुरे उन्हात चंदेरी दिसणारे. कडेला पाणकणसं. पाण्यावर टिबुकल्या बुडी मारून भलत्याच ठिकाणी वर यायच्या, शेकाटे आपले लांबलचक गुलाबी पाय उचलत काही हरवल्यासारखे उथळ पाण्यात फिरायचे, आणि हिवाळ्यात एखादा शिकारी भोवत्या पक्षी बोरूच्या शेंड्यांवरून इतका सावकाश तरंगत जायचा की खालच्या बदकांची पाचावर धारण बसायची. बोरूच्या आत कुठेतरी वटवटे न थांबता भांडत असायचे. दिसायचे कधीच नाहीत. आणि या सगळ्याच्या मागे, क्षितिजाला टेकलेलं, पांढरं, कोरडं माळरान.

काका रंगाने त्या जागेचे झाले होते. त्यांच्याकडे मातकट, खाकी आणि शेवाळी याखेरीज चौथा रंग नव्हता. सुजाताच्या लग्नातही ते मातकट सूट घालून गेले आणि फोटोत चर्चच्या भिंतीत असे मिसळले की काकूंच्या शेजारी नुसता टाय उभा आहे असं वाटतं. आवाजाचंही तसंच. पक्षी बिचकू नयेत म्हणून ते तळ्यावर कुजबुजत, आणि ती सवय इतकी अंगात मुरली की लिफ्टमध्ये, दुकानात, हॉस्पिटलात, सगळीकडे कुजबुजूच लागले. त्यांच्या खात्यातल्या एका मल्याळी बाईंनी त्यांना कळवळून घशाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरांनी "आ करा" म्हटल्यावर काकांनी केलेला 'आ' सुद्धा म्हणे ऐकू आला नाही.

एकदा त्यांनी आम्हाला रोहित पक्षी दाखवायला अल रुवैसला नेलं. बंदराच्या अलीकडे ओहोटीच्या वेळी मैलभर ओला चिखल उघडा पडतो. काका गमबूट घालून पुढे, आम्ही मागे. रोहित दिसले, लांबवर, गुलाबी रेघ ओढल्यासारखे. पण परत फिरताना मेधाची एक चप्पल चिखलाने गिळली, मग दुसरी, आणि शेवटी काका स्वतः गुडघ्यापर्यंत रुतून बसले. होडी दुरुस्त करत असलेला एक बंगाली कोळी दोर घेऊन आला आणि "यल्ला, यल्ला" करत त्याने एकेकाला बाहेर काढलं. बाहेर आल्यावर काकांनी त्याला शुक्रन म्हटलं, मेधाची माफी मागितली, आणि मग वाकून ज्या खेकड्यांची बिळं आमच्यामुळे मोडली होती त्यांच्याकडे पाहत म्हणाले, "सॉरी हं." मेधा आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. खेकड्यांची माफी आपल्या माफीपेक्षा जास्त मनापासून होती, असं तिचं म्हणणं होतं.

दर शुक्रवारी पहाटे ते तळ्यावर जात. मोबाइल गाडीतच ठेवत, कारण एकदा तो वाजल्याने एक दुर्मिळ बगळा उडाला होता आणि ते दुःख त्यांना वर्षभर पुरलं होतं. दहाच्या सुमाराला गाडीत परतले की पहिला फोन काकूंना. त्यांच्या वसईकडच्या बोलीत चाललेलं ते बोलणं मला अर्धंच समजायचं. कोण आलं, कोण गेलं, कोणाचं घरटं कुठवर आलं, सगळं सांगून होईपर्यंत गाडी सुरू व्हायची नाही. काकू एकदाच महिनाभरासाठी इथे आल्या होत्या. काकांनी त्यांना तळ्यावर नेऊन, रंगाची रिकामी बादली उपडी घालून, तिच्यावर बसवलं. तासभर बघून काकू म्हणाल्या, "आपल्या घरामागच्या बावखलात याच्याहून जास्त पक्षी होते. तेव्हा तुम्हाला नाही दिसले!" बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. काका हे स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत; पण हसून झाल्यावर म्हणत, "खरं आहे तिचं. तेव्हा मला फक्त बाहेर जायचं होतं." तिकडे गेल्यावर मात्र काकूंनाच नाद लागला. फोन आला नाही तर त्या चौकशी करायच्या, "अंडी फुटली का?"

तो एप्रिलमधला शुक्रवार होता. मी पोह्यांना फोडणी देत होतो आणि वसईहून सुजाताचा फोन आला. काकांनी माझा नंबर तिला अडीअडचणीसाठी देऊन ठेवला होता. ती रडत नव्हती, भराभर बोलत होती. "दादा, पप्पा फोन उचलत नाहीत. मम्मी गेली. स्वयंपाकघरात पडली, डॉक्टर येईपर्यंत गेली. तुम्ही पप्पांना सांगाल?"

मेधाने म्हटलं, "तू निघ, मी तिकीट बघते. बाराचं विमान आहे."

तळ्यापाशी पोचलो तेव्हा काकांची गाडी बांधाखाली उभी होती. काचा बंद. आत सीटवर मोबाइल वाजत होता. आवाज बाहेर येत नव्हता, नुसती उजळणारी आणि विझणारी स्क्रीन दिसत होती. मी बांध चढलो. वाटेत काय बोलायचं ते तीन-चार प्रकारे जुळवलं होतं, ते सगळं तिथेच विसरलो.

काका बोरूच्या कडेला बादलीवर बसले होते. माझी चाहूल लागताच त्यांनी मागे न बघता तळहात वर केला. थांब. मग शेजारची जमीन थोपटली. बस. मी बसलो. समोर जांभळी पाणकोंबडी होती, लाल चोचीची, मोठ्या पायांची, आणि तिच्यामागे काळ्या लोकरीच्या गुंड्यांसारखी तिची पिल्लं.

"चार आहेत," काका कुजबुजले. "काल फुटली असणार. तीन दिसतात ना तुला? चौथं आळशी आहे. ते बघ, आलं, आलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. "तू आज कसा काय? बरं झालं आलास. हिला आता सांगतो. परवापासून जीव खातेय माझा, अंडी फुटली का, अंडी फुटली का."

मी चौथ्या पिल्लाकडे बघत राहिलो. आई पिल्लांना एकेक कोवळा कोंब सोलून भरवत होती. काका प्रत्येक घासाला मान हलवत होते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. दहा मिनिटं, कदाचित पंधरा. शेवटी पाणकोंबडी पिल्लांना घेऊन बोरूत शिरली, काका समाधानाने उठले, बादली उचलली, आणि मी म्हणालो, "काका, सुजाताचा फोन आला होता. काकू गेल्या."

"काय?"

त्यांचा खरा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो चांगला मोठा, भरदार आवाज होता. सगळं तळं फडफडून उठलं. शेकाटे, बगळे, बदकं, जे जे होतं ते सगळं. काकांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

आम्ही विमानतळावर पोचलो तेव्हा बाराच्या विमानाचं काउंटर नुकतंच बंद झालं होतं. तिथल्या मुलीला मी विनवण्या केल्या, ती बिचारी "सॉरी सर" म्हणत राहिली. संध्याकाळच्या विमानाने ते गेले, पहाटे घरी पोचले आणि सकाळी दफन झालं. घरात काकूंजवळ बसायला मिळाली असती ती संध्याकाळ त्यांना मिळाली नाही.

दीड महिन्याने परतले ते आणखी मातकट होऊन. शुक्रवारी ते बाहेर पडेनात. गमबूट दाराबाहेर तसेच. एक दिवस जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"त्या दिवशी तू आलास, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि बसलास."

"हो."

"माझी पोर तिकडे एकटी फोन लावत होती. आणि मी पिल्लं मोजत होतो. तू मोजू दिलीस."

ते वर निघून गेले. पुढचे पाच महिने लिफ्टमध्ये भेटले तर मान हलवत, बस. मेधा म्हणे, "तू वाईट हेतूने केलं नाहीस." हेतू वाईट नव्हता हे मलाही माहीत होतं. पण चांगला होता का, हे मी कितीदा विचारलं तरी मला सांगता येईना.

नोव्हेंबरात त्यांनी नोकरी सोडली. सामान भरायला लागले. जाण्याआधीच्या शुक्रवारी सकाळी दार वाजलं. काका गमबूट घालून उभे होते. "येतोस का?"

तळ्यावर थंडीचे पाहुणे उतरले होते. पाणी दिसू नये इतकी बदकं. काका बराच वेळ नुसते बघत राहिले. एकाचंही नाव घेतलं नाही. मग मीच म्हणालो, "काका, मला तुम्हाला सांगायचंय. मी त्या दिवशी दया बिया काही दाखवली नाही. मी घाबरलो होतो. शब्द फुटेना म्हणून बसून राहिलो."

"माहीत आहे रे," ते म्हणाले. "तुझं तोंड पाहिलं होतं मी. मला वाटलं, उन्हाने झालंय." मग म्हणाले, "मी रागावलो होतो. अजूनही थोडा आहे. ती संध्याकाळ गेली माझी. पण मी रोज ते परत परत आठवतो. ती तर सकाळीच गेली होती. सुजातासाठी गेली होती, तुझ्यासाठी गेली होती. माझ्यासाठी नव्हती गेली. मी तिथे बसून तिला काय सांगायचं ते ठरवत होतो. चौथं पिल्लू आळशी आहे म्हटल्यावर ती काय म्हणेल, तेही मला ठाऊक होतं."

"काय म्हणाल्या असत्या?"

"बापावर गेलंय."

आम्ही दोघंही हसलो.

विमानतळावर त्यांनी आमच्या मुलीला जवळ घेतलं, मेधाला अल रुवैसच्या चपलांबद्दल पुन्हा एकदा सॉरी म्हणाले, आणि मला म्हणाले, "वसईला ये. खलास, आता माझ्याकडे वेळच वेळ आहे."

त्याला दोन वर्षं झाली. वर आता एक केरळी कुटुंब राहतं, चांगली माणसं आहेत. सुजाताचे मेसेज येतात. पप्पा स्वयंपाक शिकलेत, मम्मीच्या पद्धतीचं कालवण करतात, दर वेळी चुकतं आणि दर वेळी सगळ्यांना खावं लागतं. पप्पा विचारतात, तुम्ही कधी येता? या काळात मी नाशिकला तीनदा जाऊन आलो. मुंबईत उतरलो, वसई तिथून किती लांब आहे? तरी गेलो नाही. काही ना काही निघालं. या डिसेंबरात मात्र मेधाने सुट्टी टाकली आहे आणि तिकिटंही काढली आहेत. तिथे गेल्यावर आधी काकूंच्या कबरीवर जायचं की आधी काकांच्या घरी, एवढंच अजून माझं ठरत नाही.