करंटवाली ताई

ताई गेल्याला आता सव्वा महिना होईल. फोन आला तेव्हा मी बाभुळगावला घरी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. भाऊजी म्हणाले, "तुयी ताई गेली व," आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "कशी?" उत्तर येईपर्यंतचे ते दोन-तीन क्षण... मी चोवीस वर्षं त्यांनाच भीत आले होते. दुपारी जेवली, जरा आंग टाकतो म्हणाली, उठलीच नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. लाज वाटते, पण सांगते, मला आधी हायसं वाटलं. रडू मागाहून आलं. माझी बहीण चारचौघांसारखी, पोटभर जेवून, आपल्या खाटेवर गेली. हे केवढं मोठं आहे, ते ज्यांच्या घरात असा आजार येऊन गेलाय त्यांनाच कळेल.

ताई दारव्ह्याजवळच्या खेड्यात दिलेली. बोलण्यात कोणाला हार जाणार नाही अशी. माझ्या लग्नात पाहुण्यांपासून पंगतीपर्यंत सगळं तिनेच पाहिलं आणि दोन महिन्यांत ती गप्प झाली. आधी हसणं गेलं, मग बोलणं, मग जेवण. दोनदा भाऊजींनी तिला विहिरीवरून हाताला धरून घरी आणलं. अंगारे झाले, उतारे झाले. शेवटी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, घास भरवला तर तो तसाच तोंडात. यवतमाळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गोळ्या लागू पडायची वाट पाहण्याइतका वेळ नाही, शॉक द्यावे लागतील. भाऊजींचा चेहरा पांढराफटक. करंट लावला की माणूस कायमचं खुळं होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक! कागद हातात धरून ते माझ्याकडे पाहत राहिले. "तू मास्तरीन हायस, तू म्हनशीन तसं." मी कुठली शहाणी? शॉक मी पाहिलेला तो सिनेमात, खुर्चीला बांधून दिलेला. पण ताईचे काटकुळे हात पाहिले आणि म्हटलं, करा सही.

सिनेमातलं तिथे काहीच नव्हतं. भूल देऊन झोपवायचे, अर्ध्या-पाऊण तासात ती बाहेर. दिवसाआड एक. अट एवढीच, सकाळपासून पोटात पाण्याचा थेंबही नको. तिसऱ्या खेपेच्या सकाळी मी तिच्या उशाशी बसले होते आणि महिन्याभरानंतर तिचे ओठ हलले. "चहा दे व." आता आमच्याकडे आजारी माणसाने तोंडाने मागितलं आणि कोणी दिलं नाही, असं कधी झालंय का? मी धावत जाऊन चहा आणला, बशीत ओतून, फुंकून फुंकून पाजला आणि वर नर्सबाईंना आनंदाने सांगायला गेले. त्यांनी कपाळावर हात मारला. त्या दिवशीचा शॉक रद्द. भुलीत तो चहा छातीत उतरला असता तर, म्हणून डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं. मग थांबले, हसले. "पण मागितला ना तिने?" एवढंच म्हणाले. सहा शॉकनंतर ताई आपली वेणी आपण घालू लागली आणि फवारणी राहिली म्हणून भाऊजींवर ओरडलीसुद्धा.

एक मात्र गेलं. माझं लग्न. अख्खं लग्न तिच्या डोक्यातून पुसून गेलं. फोटोत स्वतःलाच पाहून विचारायची, हे लुगडं मी कधी नेसले होते? मी फोटो उलटा ठेवायचे. सही मी करायला लावली होती ना! शाळेत मी सांगून ठेवलं होतं, बहिणीचं पोटाचं ऑपरेशन झालं. ताईने मात्र काही लपवलं नाही. गोळ्या सुरूच होत्या. मध्ये एकदा पुन्हा ढासळायला लागली, तेव्हा तिनेच पिशवी भरली आणि भाऊजींना म्हणाली, चला यवतमाळले. गेल्या दिवाळीत धीर करून विचारलं एकदाचं, ताई, माझा राग येतो का ग?

"येडी हायस काय?" ती म्हणाली. "तुयं लगन तू मले दरसाल सांगतंच. मीच गेली असती, तर तू कोनाले सांगतलं असतं?"

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी आर्णीकडची एक बाई सुनेला घेऊन दारात उभी राहिली. करंटवाली ताई इथेच राहते का, म्हणून विचारत होती. भाऊजींनी मला सांगितलं, अशी माणसं नेहमी यायची. ताई त्यांना ओसरीत बसवून सांगायची, माझ्याकडे पाहा, मी खुळी दिसते का? सांगता सांगता ते उठून आत गेले. मग मीच बसले त्या दोघींजवळ. डॉक्टरांनी सुनेला शॉक द्यायला सांगितला होता आणि सासूला ठरवता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी परक्या माणसासमोर बोलले, की माझ्या बहिणीला दिला होता, सही करा असं मीच म्हटलं होतं, माझं लग्न ती विसरली, पण त्यानंतर चोवीस वर्षं जगली. सून इतका वेळ फरशीकडे पाहत होती. हळूच म्हणाली, "मी बी इसरीन काय?"

खोटं बोलवलं नाही मला. "थोडंसं इसरशीन," मी म्हटलं. "ते सासू सांगीन तुले."

सासूने पदराने डोळे पुसले. "सांगीन व माय," ती सुनेला म्हणाली, "सारं सांगीन."