सख्खा मामा अंपायर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. लूमखाली रुई साठते ना, तसं आहे ते. सकाळी झाडून घ्या, संध्याकाळी परत बोटभर थर! सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका मिलमध्ये मी क्लार्क होतो आणि मिलच्या क्रिकेट टीममध्ये चौथ्या नंबरला बॅटिंगला जायचो. त्या टीमचे किस्से आजही कुणी विचारले की खाली पडायला लागतात, आणि त्यातले निम्मे एकाच माणसाचे निघतात. शिद्रामप्पा. मिलचे टाइमकीपर, रविवारी अंपायर, आणि माझे सख्खे मामा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मामांना एक मुलगी होती, महादेवी. मला तिच्याशी लग्न करायचं होतं. आमच्यात मामाची मुलगी करतात, तेव्हा त्यात अवघड असं काही नव्हतं. अवघड होतं ते मामांना विचारणं! अख्खा गाव ज्याला भ्यायचा, त्या फास्ट बॉलरपुढं मी हेल्मेटशिवाय उभा राहायचो. पण मामांपुढं तोंड उघडायची माझी टाप नव्हती. दोन वर्षं तशीच गेली.

*

आपली टीम परदेशात टेस्ट खेळत होती. मिलच्या कँटीनमध्ये रेडिओभोवती ही गर्दी! आपल्या बॅट्समनला एलबीडब्ल्यू दिला आणि कँटीन पेटलं. त्या काळी ज्याच्या अंगणात मॅच, दोन्ही अंपायर त्याचेच असायचे. आमचा बॉलर करीमभाई ग्लास आपटून ओरडला, "चोर है रे अंपायर! उनका मामू है मामू!"

आमच्याकडं बाजू घेणाऱ्या अंपायरला 'मामा' म्हणायची पद्धत. मामांनी शांतपणे बशीतला चहा संपवला.

"आणि त्यांची टीम हितं येती, तवा आपण अंपायर कुटनं मागवतो? चंद्रावरनं?"

"वो अलग बात है," करीमभाई म्हणाला, "अपने अंपायर सच्चे हैं ना जी!"

कँटीन हसलं, मामा हसले नाहीत. म्हणाले, "तिसऱ्याच देशाची माणसं उभी करा. जो कुणाचाच पाव्हणा न्हाई, त्यानंच बोट वर करावं." पुढं बऱ्याच वर्षांनी जगानं तेच केलं. आता सोलापूरच्या टाइमकीपरचं ऐकायला जगाला वेळ लागणारच की!

त्या दिवसापासून एक नियम मात्र निघाला. ग्राउंडवर मी त्यांना मामा म्हणायचं नाही. घरी मामा, ग्राउंडवर अंपायरसाहेब.

*

आमचा कॅप्टन आणि विकेटकीपर राजेशम. विणकराच्या घरातला, घरी तेलुगू, मिलमध्ये मराठी, आणि रागावला की दोन्ही एकदम. एकदा कॅच घेतला. बॅटची कड इतकी मोठ्यांदा लागली की बाहेर भजीवाल्यालाही ऐकू गेली असेल. राजेशम बॉल आकाशात उडवून नाचायला लागला, "गेला! गेला! गेला!"

मामा हलले नाहीत. दवाखान्याच्या कंपाउंडरकडून आणलेला पांढरा कोट घालून, दोन्ही हात मागं बांधून उभे.

"अंपायरसाहेब, गेला की तो!"

"गेला म्हणतोस म्हंजे निर्णय तूच दिलास. मला विचारलंस कुटं?"

राजेशम चक्रावला. घाईघाईत तेलुगूत काहीतरी ओरडला. मामांनी लगेच बोट वर केलं. समोरचा बॅट्समन तावातावानं आला, "ह्यो काय न्याय? त्यानं इंग्लिशमधी 'हाऊज दॅट' असं अपील कुटं केलं?"

"कुटल्या भाषेत करावं ह्याला नियम न्हाई," मामा म्हणाले. "विचारल्यागत वाटलं पायजे. तेवढं वाटलं."

तेव्हापासून आमच्या ग्राउंडवर अपील मराठीत, कानडीत, तेलुगूत, दख्खनीत, कशातही व्हायचं. पण प्रश्न विचारल्याशिवाय मामांचं बोट कधी वर गेलं नाही. राजेशमला त्या रात्री झोपेतही "कसं काय?" असं ओरडताना त्याच्या बायकोनं ऐकलं म्हणे!

*

नियमांचं पुस्तक इंग्रजीत. मामांचं इंग्रजी हजेरीपटापुरतं. म्हणून महादेवी रोज सकाळी एक पान वाचून अर्थ सांगायची आणि मामा अंगणात उभं राहून खुणांचा सराव करायचे. ती मॅट्रिक झालेली, नियम तिला मामांपेक्षा जास्त पाठ. "अप्पा, बाय आणि लेगबायमधी गल्लत करताय तुमी," असं तिनं म्हटलेलं मी दारातून स्वतः ऐकलंय. दारात मी का होतो ते विचारू नका.

एके दिवशी मामा 'आऊट'चा सराव करत होते. बोट वर, तोंड गंभीर. तेवढ्यात मल्लू गवळी आला. रोजचं दूध अर्धा लिटर. त्यानं बोट बघितलं आणि एक लिटर ओतून मोकळा झाला.

मामी बाहेर आल्या ते कडाडतच, "एवढं दूध कुणाच्या डोक्यावर वतू?"

"मालकांनीच एक बोट दाखीवलं की वो!" मल्लू म्हणाला.

मामा म्हणाले, "अरे, ते तुला न्हवतं. घे परत."

महादेवी पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "अप्पा, बोट एकदा वर गेलं की परत घेता येत न्हाई."

मामींनी कपाळावर हात मारला आणि त्या दिवशी खीर केली. खीर मलाही मिळाली, कारण मी दारातच होतो.

*

ओव्हरचे बॉल मोजायला मामा सहा शेंगदाणे ठेवायचे. बॉल पडला की डाव्या खिशातला दाणा उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की "ओव्हर!"

मे महिना. पिचच्या मॅटिंगवर उभं राहिलं तर बुटाच्या तळातून चटका बसत होता. मिलचा भोंगा झाला तरी लंच झाला नव्हता. मामांनी "ओव्हर!" म्हटलं तसा करीमभाई कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"साब, पाँचच हुए!"

मामांनी उजवा खिसा चाचपला. पाच दाणे. डावा खिसा चाचपला. रिकामा. मग त्यांची चाललेली तोंडाची हालचाल थांबली.

"सहावा मी खाल्ला," मामा म्हणाले.

दोन्ही टीम हसून हसून लोळल्या. मामांनी मात्र पुढं येऊन करीमभाईची रीतसर माफी मागितली. दुसऱ्या रविवारपासून खिशात चिंचोके आले. आजतागायत मी अंपायरला चूक कबूल करताना बघितलं ते दोनदाच. दोन्ही वेळा मामाच!

*

दुसऱ्या वेळी चूक झाली ती माझ्या बाबतीत.

त्या सीझनला मामांनी मला सात वेळा आऊट दिलं होतं. राजेशम म्हणायचा, "इरण्णा, मामा तुला मुलगी काय देत न्हाई. एलबीडब्ल्यू तेवढा देणार!" मी वरवर हसायचो, पण ते मनाला लागायचं. एका रविवारी मी चांगला तिशीत खेळत होतो. बॉल बॅटपासून वीतभर लांबून गेला. अपील झालं आणि मामांचं बोट वर! मी एक शब्द न बोलता चालू पडलो. घरी येऊन मात्र जेवलो नाही.

संध्याकाळी मामा आमच्या दारात. आई पुढं झाली. आई त्यांची थोरली बहीण.

"अक्का, आज माझं चुकलं. बॅट पॅडला लागली, आवाज त्याचा व्हता."

"मग परत खेळीव की त्याला!" आई म्हणाली.

"ते जमत न्हाई." मामा माझ्याकडं वळले. "इरण्णा, लोकांनी मामा म्हणू नये म्हणून तुला आऊट द्यायची मला घाई झाली. ही बी बाजू घेणंच झालं की. उलटी! हितनं पुढं तू खेळत असशील त्या मॅचला मी उभा राहणार न्हाई."

हे ऐकून मला एकदम भरून आलं. मोठ्या माणसानं लहानाच्या घरी येऊन चूक सांगायची, हे मी तोवर बघितलं नव्हतं. चहा करायला वळताना आईनं डोळे पुसले आणि धूर झालाय म्हणाली. स्टोव्ह तेव्हा पेटवलेलाही नव्हता.

*

त्याच वर्षी आमची फायनल होटगीच्या रेल्वेवाल्यांशी आली. त्यांचा कॅप्टन कांबळे, रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन. तो थेट कँटीनमध्ये येऊन म्हणाला, "अंपायर शिद्रामप्पाच पायजेत."

राजेशमला वाटलं चेष्टा करतोय. "अहो, ते आमच्या मिलचे आहेत!"

"असू द्या की. सिग्नल बघून गाडी सोडणारी माणसं आमी. ह्यांचा सिग्नल खोटा नसतो."

मामा म्हणाले, "भाचा खेळणार असंल तर मी न्हाई."

"खेळू द्या वो! आमचा विश्वास हाय तुमच्यावर."

"तुमचा हाय, कांबळे. माझा माझ्यावर न्हाई."

मग मीच उठलो आणि म्हणालो, "मी स्कोअर लिहितो." फायनल सोडताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू? पण मामांचं ऋण होतं डोक्यावर.

शेवटच्या बॉलला आम्हाला जिंकायला तीन रन हवे होते. राजेशम दुसऱ्या रनला पळाला आणि मामांनी त्याला रन आऊट दिला. आम्ही हरलो. मिलचीच माणसं ओरडायला लागली, "रेल्वेचा मामा! रेल्वेचा मामा!" मामा कोटाची बटणं काढत शांत उभे राहिले. राजेशम दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी टाइमऑफिसच्या खिडकीत चहा ठेवून म्हणाला, "अर्धा हात बाहेर होतो मी, मामा."

मामा एवढंच म्हणाले, "चहात साखर कमी हाय."

*

पुढच्या रविवारी मॅच नव्हती. मनाचा हिय्या करून सकाळीच मामांच्या घरी गेलो. मामा अंगणात खाटेवर बसलेले. स्वयंपाकघरातून भाकरी थापायचा आवाज येत होता.

मी सुरू केलं. "मामा, मी आता पर्मनंट झालोय... आई म्हणत होती, वयही झालंय... शिवाय आमच्यात पद्धत आहेच... राजेशम पण म्हणतो..."

मामा ऐकत राहिले. मी थांबलो तेव्हा म्हणाले, "ह्ये सगळं 'गेला, गेला' झालं. विचारलंस कुटं?"

दोन वर्षं घोकलेली सगळी वाक्यं पळाली. मी उभा राहिलो आणि तोंडातून आलं ते एवढंच, "हाऊज दॅट, मामा?"

भाकरीचा आवाज थांबला.

मामाही उभे राहिले. मी त्यांच्या उजव्या हाताकडं बघत होतो. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"मी तुझा मामा, तिचा बाप. दोन्हीकडचा पाव्हणा. हितं माझं बोट चालायचं न्हाई," ते म्हणाले. "स्क्वेअर लेगच्या अंपायरला विचार."

मी वळलो. स्वयंपाकघराच्या दारात महादेवी उभी होती, दोन्ही हात पिठानं भरलेले. तिनं घाई केली नाही. माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. मग सावकाश एक बोट वर केलं.

मल्लू गवळी अंगणात कधी येऊन उभा राहिला होता, आम्हाला कुणालाच कळलं नाही.

"ताई, एक लिटर वतू का?"

आतून मामींचा आवाज आला, "वत रे! खीर करायची हाय."