‘साकु’ नावाची कंपनी नव्हती

आप्पांची आणि माझी ओळख ओरडा खाऊन झाली, हे आधीच सांगून टाकते. मी मूळची जळगावची. लग्नानंतर बेळगावात आले आणि इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कच्च्या नेमणुकीवर शिकवू लागले. विद्यार्थ्यांना शर्यतीची गाडी बांधायची होती, पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली. तिचे भाग कोण करून देईल, हे विचारत विचारत मी मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत श्री. मोनाप्पा सांबरेकर यांच्या वर्कशॉपमध्ये पोहोचले. लेथ चालू होतं. मी कौतुकानं वाकून बघायला गेले. आप्पांनी आधी मशीन बंद केलं, मग माझ्याकडे बघितलं. "वढणी कमरंला बांधा, न्हाईतर भाईर थांबा," एवढंच म्हणाले. मी ओढणी बांधली. तेव्हापासून मच्छेला जायचं असलं की मी ती घरूनच बांधून निघते.

या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने मला लेखासाठी पत्र पाठवलं. आप्पांचं कार्य, त्यांची मूल्यं आणि आठवणी यांवर लिहावं, असं त्यात म्हटलं होतं. खाली पेनाने एक ओळ जोडली होती: स्पर्धेतला ‘तो’ प्रसंग शक्यतो टाळावा, अमृतमहोत्सवाचं आनंदाचं निमित्त आहे. मंडळाचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. पण मी तो प्रसंग टाळणार नाही. तो टाळून मी आप्पांबद्दल जे काही चांगलं लिहीन, ते सगळं खोटं ठरेल. मंडळाला नको असेल तर त्यांनी लेख संपूर्ण काढून टाकावा, अर्धा छापू नये.

आप्पा सांबऱ्याच्या शेतकरी घरातले. शिक्षण शाळेपुरतं, आणि पुढचं सगळं लेथवर. त्यांनी आमच्या गाडीचे भाग करायचं कबूल केलं, पण आधी एक अट घातली. मला आणि सगळ्या विद्यार्थ्यांना एकेक करून त्यांच्या जुन्या सायकलवर बसवलं. सायकलला डायनॅमो होता. डायनॅमो टायरला न टेकवता एक फेरी, आणि टेकवून एक फेरी. टेकवल्यावर पाय जड झाले. आप्पा म्हणाले, तो जो जडपणा तुमच्या मांडीला कळला, तोच तुमचा अर्धा अभ्यास. ब्रेक लावला की गाडीचा वेग उष्णता होऊन उडून जातो, तो उडू न देता मोटरकडून वीज करून साठवायचा आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर वापरायचा, हे मी वर्गात तीन तास फळ्यावर शिकवलं होतं. आप्पांनी ते वसाहतीच्या रस्त्यावर दोन फेऱ्यांत शिकवलं. या कामाला त्यांचा स्वतःचा शब्द होता, ‘माघारी’. "माघारी किती आलं?" एवढंच ते विचारत. आमचे विद्यार्थीही मग पाठ्यपुस्तकातला लांबलचक शब्द सोडून माघारी, माघारी म्हणू लागले. परीक्षेच्या पेपरातही एकाने तसंच लिहिलं. मी त्याला पूर्ण गुण दिले.

माघारी घेताना एक धोका असतो. जास्त ओढलं की मागची चाकं अडकतात आणि वळणावर गाडी फिरते. आमच्या गाडीत ब्रेकचं पेडल दाबलं की सुरुवातीच्या टप्प्यात मोटर वीज गोळा करी आणि त्यापुढे नेहमीचे ब्रेक लागत. पहिला टप्पा कुठे थांबवायचा, ते ठरवण्यासाठी आप्पांनी पोलादाची एक बोटभर खुंटी तासून बसवली. विद्यार्थी हावरे होते. आणखी थोडी वीज मिळेल म्हणून त्यांनी एकदा ती खुंटी परस्पर कानशीने घासली आणि गाडी फिरून गवतात गेली. आप्पांनी नवी खुंटी केली आणि तिच्यावर पंचने दोन अक्षरं ठोकली: साकु.

साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. बेळगावच्या मराठी घरांतही पानावर भात वाढताना हा शब्द ऐकू येतो. आप्पांच्या वर्कशॉपमध्ये निम्मी माणसं कन्नड बोलणारी, निम्मी मराठी, आणि माप भरलं की सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द. पुढे एकदा कुणीतरी खोचकपणे विचारलं की, आप्पा, मराठी माणसानं कन्नड कसं ठोकलं. आप्पा म्हणाले, हा मापाचा शब्द आहे, आणि माप चुकलं तर दोन्हीकडची चाकं अडकतात. पण हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी बेळगावात नवी होते, आणि मला ते कुठल्या तरी कंपनीचं नाव वाटलं.

आता तो प्रसंग. स्पर्धेच्या फॉर्ममध्ये प्रत्येक महत्त्वाच्या भागाचा निर्माता लिहायचा होता. मी खुंटीवरचं नाव वाचलं आणि ‘साकु कंपनी’ असं लिहिलं. पुढे ‘चाचणीचं प्रमाणपत्र उपलब्ध आहे काय’ असा प्रश्न होता. कंपनीचा भाग म्हणजे प्रमाणपत्र असणारच, आप्पांकडून मागून घेऊ, असं मनाशी म्हणत मी ‘होय’च्या चौकोनात खूण केली. मग ते मागायचं राहून गेलं. आप्पांना मी तो फॉर्म दाखवलाही नाही.

स्पर्धेला आप्पाही आमच्याबरोबर आले होते. मैदानावर तपासनीसांनी प्रमाणपत्र मागितलं. ही साकु कंपनी कुठली, असं त्यांनी विचारलं. आमच्या चमूतली बेळगावची मुलं आधी हसली आणि मग माझ्याकडे बघू लागली. अशी कंपनीच नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. खोटी माहिती दिल्याचा ठपका येणार होता, आणि माझी नेमणूक पक्की व्हायला अवघे काही आठवडे उरले होते. मी तोंड उघडणार, एवढ्यात आप्पा पुढे झाले. त्यांनी हिंदीत तपासनीसांना सांगितलं की हा भाग मी केला, फॉर्म मी सांगितला तसा म्याडमनी भरला, चूक माझी. हे खोटं होतं. आप्पांना मी खोटं बोलताना ऐकलं ते तेवढंच.

तपासनीस वाईट माणूस नव्हते. मोटर आणि ती खुंटी काढा, नुसत्या पेट्रोलवर पळवा, मी सोडतो, असं ते म्हणाले. आप्पांनी निर्णय मुलांवर सोपवला. गाडी चालवणारी अश्विनी निपाणीची. ती हेल्मेट घालून आत बसली होती. तिनं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "आप्पा, अर्धी गाडी काढून ठेवून मी पळवणार न्हाय," ती म्हणाली. आप्पांनी मान डोलावली. सगळ्यांनी मिळून गाडी ढकलत ट्रकपर्यंत नेली. इतर संघांची इंजिनं मागे गरजत होती आणि आमची गाडी एकदाही सुरू न होता परत आली. मला त्या मुलांचा तेव्हा जेवढा अभिमान वाटला, तेवढीच स्वतःची लाज वाटली.

परतताना मी आप्पांना म्हणाले की उद्या प्राचार्यांना खरं सांगते. त्यांनी मला थांबवलं. "बाई, तुमची नोकरी कवळी हाय. माझं मच्छेतलं दुकान कोण बंद करतंय?" मी त्यांचं ऐकलं. चौकशी झाली, आणि ‘बाहेरील कारागिराने दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे संघ बाद’ असा अहवाल दप्तरात गेला. खडेबाजारात लोक आप्पांना हसून विचारू लागले की, काय आप्पा, घरगुती खुंटी लावून पोरांची गाडी बाद केलात म्हणे. आप्पाही हसत. माझी नेमणूक पक्की झाली.

त्या अहवालानंतरही आप्पा दर आठवड्याला महाविद्यालयात येत राहिले. मुलांना कानस धरायला शिकवत राहिले. मला कन्नड येत नाही म्हणून सरकारी कचेरीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून माझे अर्ज त्यांनी वाचून दाखवले, आणि प्रत्येक वेळी सही करण्याआधी मला म्हणत, "आधी वाचा, मग खूण करा." त्यांच्या तोंडून मी ऐकलेला टोमणा हा एवढाच. पुढच्या हंगामात आयोजकांच्या नियमपुस्तिकेत एक नवं कलम आलं: कारखान्यात हाताने केलेला भाग असेल तर प्रमाणपत्राऐवजी तपासनीसांसमोर चाचणी द्यावी. त्यासाठी आप्पांनी किती पत्रं लिहवून घेतली, ते मला माहीत आहे, कारण ती मीच टाइप केली. पुस्तिकेत त्यांचं नाव कुठेही नाही. आमची गाडी त्या कलमानुसार तपासली गेली आणि धावली. खुंटी तीच होती.

आता जगातल्या मोठ्या शर्यतींचे नियम बदलले आहेत. जवळपास निम्मं बळ विजेचं, आणि ती वीज मुख्यतः ब्रेकमधून माघारी घेतलेली. धुराच्या उष्णतेतून वीज काढणारं यंत्र मात्र नव्या नियमांनी काढून टाकलं. त्यावर आप्पा तीन दिवस माझ्याशी फोनवर भांडले, जणू ते मीच काढलं होतं. आता अनेकांची तक्रार आहे की सरळ पट्ट्याच्या शेवटी वीज संपते, गाड्या मंदावतात, चालकाला हिशेबानं पळवावं लागतं, यापेक्षा जुनी गरजणारी इंजिनं परत आणा. पुढचे नियम तसेच करावेत, असंही बोललं जातं. बेळगावातल्या एका व्याख्यानात एका नामवंत पाहुण्यांनी हेच मांडलं, तेव्हा मागच्या रांगेतून आप्पा उठले. "साहेब, आवाज म्हंजे हातातनं सुटल्याली ताकद. ती ऐकून टाळ्या वाजवायच्या, का धरून वापरायची?" पाहुण्यांनी विषय बदलला. आप्पा उत्तरासाठी उभेच राहिले. ते मिळालं नाही, म्हणून सभा संपेपर्यंत ते खाली बसले नाहीत.

अशा माणसाच्या नावावर माझी चूक इतकी वर्षं पडून आहे. आज मी विभागप्रमुख आहे. चौकोनात खूण मी केली होती. कंपनीचं नाव मी लिहिलं होतं. आप्पांची खुंटी बरोबर होती, त्यांचं माप बरोबर होतं, आणि चुकीची माहिती बाहेरच्या कारागिराने दिली नव्हती, आतल्या शिक्षिकेने दिली होती. या लेखाची सही केलेली प्रत मी प्राचार्यांना दिली आहे आणि ती त्या चौकशी अहवालाला जोडावी, असं लेखी मागितलं आहे. त्यावर जी काही कारवाई व्हायची असेल ती होऊ दे. खडेबाजारात ज्यांना हसायचं आहे, त्यांनी आता मला हसावं.

लेख देण्याआधी मी आप्पांना तो वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर म्हणाले, "कशाला उकरून काढताय बाई. साकु करा आता."

आप्पा, ओढणी बांधा म्हणालात, बांधली. वाचून खूण करा म्हणालात, तेव्हापासून वाचल्याशिवाय कशावरही खूण केलेली नाही. हे मात्र मी ऐकणार नाही. तुम्हाला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. तुमचे हात असेच स्थिर राहोत, डोळ्यांना मायक्रोमीटरच्या रेघा अशाच दिसोत, आणि सभांमधून असंच उभं राहण्याचं बळ पायांत राहो. मोठ्या शर्यतींचे यापुढचे नियम येतील, त्यावरही तुम्ही फोनवर माझ्याशी तीन तीन दिवस भांडा. शंभरी गाठलीत आणि कुणी म्हणालं की आता पुरे, तर त्यांना सांगा की या बेळगावात तो शब्द कुठे ठोकायचा, ते फक्त तुम्ही ठरवता.