परग्रहावरचं गाऱ्हाणं

लालबागच्या खोलीतला माळा आवरताना माझा जुना जॉयस्टिक हाताला लागला. त्याच्या रबराला अजून तोच तापल्यासारखा वास येतो. त्या वासाने मला बाबांशेजारी लादीवर बसून गेम खेळतानाची एक संध्याकाळ आठवली.

टीव्हीवर माझं यान एका अफाट परग्रहावर उतरलं होतं. आभाळ जांभळं, त्यात दोन चंद्र, आणि नजर पोचेल तिथवर कमरेएवढं निळं गवत. त्यात काय दडलंय ते माहीत नव्हतं. मी बंदूक काढली आणि निघालो.

"थांब रे," बाबा म्हणाले. "राखणदाराक सांगितलंस?"

मालवणकडच्या आमच्या गावात नव्या जागेत पाऊल टाकण्याआधी तिथल्या राखणदाराला, म्हणजे ती जागा सांभाळणाऱ्या देवाला, हात जोडून गाऱ्हाणं घालतात. "बाबा, गेम आहे हा," मी हसत म्हटलं. तरी त्यांनी तो थांबवायला लावला आणि टीव्हीसमोर हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, माझो झील नव्या मुलखात जाता हा. थय तेचा कोण नाय. काय आडवा इला तर ता दूर कर, आणि तेका सुखरूप परत हाड."

"व्हय म्हाराजा," ओट्यापाशी भाकऱ्या थापणारी आई म्हणाली. कुठला मुलूख, ते तिने विचारलं नाही.

गवतात सशाएवढे गरीब प्राणी निघाले. आम्ही जेवायला बसलो आणि विषय तिथेच संपला.

पुढच्या आठवड्यात मी नोकरीसाठी जर्मनीला गेलो. बाबांच्या त्या गाऱ्हाण्यात गेमचा एकही शब्द नव्हता, हे मला आज माळ्यावर बसून कळलं.